मांगून लावजा

देऊळघाटात वेल्डर एकच आहे, आणि तो मी. आणखी एक होता, त्याचे जोड बकरी बांधली तरी उखडायचे. तो पुण्याला जाऊन वॉचमन झाला आणि गावातल्या गेटांवर उपकार झाले. मी आयटीआय केलेला माणूस आहे. फिटर ट्रेड, पहिला वर्ग, प्रमाणपत्र दुकानात काच लावून टांगलंय. दुकानाचं नाव समीक्षा फॅब्रिकेशन. समीक्षा माझी मुलगी, पण गावातली पोरं म्हणतात की नाव अगदी बरोबर ठेवलंय, इथं पाय ठेवला की आपली समीक्षा फुकटात होते. म्हणू देत. लोखंडाचं काम करून घ्यायला येतात आणि साधा काटकोन तोंडानं सांगता येत नाही, त्यांना मी काय हार घालू?

आमच्याकडच्या लोकांची एक खोड आहे. चार वस्तूंना मिळून एक शब्द वापरायचा आणि समोरच्यानं ओळखून घ्यायचं. आता टोचन घ्या. गाडी रस्त्यात बंद पडली आणि दुसऱ्या गाडीला दोर नाहीतर लोखंडी दांडा लावून ओढत आणली, तर ते टोचन. तो दांडा अडकवायला बंद गाडीच्या नाकाखाली जो हुक असतो, तेही टोचन. आणि ट्रॅक्टरच्या मागं ट्रॉली जोडायची जी कडी, तीसुद्धा ह्यांच्या तोंडी टोचनच. मी कितीदा सांगितलं, बाबांनो, हुकाला हुक म्हणा, कडीला कडी म्हणा, जीभ झिजत नाही. पण ऐकतो कोण.

गुरुवारी सकाळी सहदेव आपली गाडी घेऊन दुकानात आला. त्या दिवशी ती स्वतःच्या चाकांनी चालत आली हेच विशेष. सहदेव माझ्या घरामागं राहतो. भाजी, खत, लग्नातली भांडी, मिळेल ते वाहतो. गाडी तीन चाकांची, पुढं ड्रायव्हरपुरती जागा आणि मागं लोखंडी हौदा. तिचा मूळ रंग कोणता होता हे तिच्या कागदपत्रांनाही आता आठवत नसेल. ही गाडी मी स्वतः दोनदा टोचन करून आणलीय. एकदा राजूर घाटातून आणि एकदा शेगावच्या रस्त्यावरून. शेगावच्या वेळी हौद्यात सहदेवचे सासूसासरे बसलेले होते, महाराजांच्या दर्शनाला निघालेले. सासरे खाली उतरायला तयार नव्हते, कारण उतरलो तर जावई इथंच सोडून जाईल असं त्यांना वाटत होतं.

"राजकुमारभाऊ, गाडीले टोचन बसवून पाह्यजे," सहदेव म्हणाला.

"आली म्हनायची अक्कल. किती वर्सानं आली?"

"मजबूत पाह्यजे बरं भाऊ. भार येईन त्याच्यावर."

"येईनच ना बे. तुही गाडी म्हंजे रोजचं मयत. खांदा द्याले मजबूतच लागते."

सहदेव हसला. त्याला काहीही बोला, तो हसतो. समोरचा चिडला तर बोलण्यात मजा असते. ह्याला बोलून फक्त आपलंच तोंड दुखतं. हसत हसत त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"हे वहिनीनं देल्लं. त्याच्यात सगळं लिहेल हाये."

वहिनी म्हणजे माझी बायको, छाया. सहदेवच्या गाडीची कीव आता माझ्या बायकोलाही यायला लागली, असं मी मनात म्हटलं. वेल्डरला काम कसं करायचं ते बायकोनं चिठ्ठीत लिहून शेजाऱ्याच्या हाती पाठवायचं, हा एक नवाच प्रकार. मी कागद बाकड्यावर टाकला आणि वर चहाचा ग्लास ठेवला.

सहदेव निघाला. बहिणीकडं लग्न होतं, शुक्रवारी परत येणार होता. चार पावलं गेला आणि वळून म्हणाला, "भाऊ, मांगून लावजा."

"मांगून काऊन? आत्ताच लावतो ना."

त्याचा चेहरा एकदम फुलला. "मंग तं लयच चांगलं," म्हणाला आणि गेला.

आता छायाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावात अकरा बायकांचा बचत गट आहे आणि छाया त्याची अध्यक्ष. मी त्याला चहा गट म्हणतो. तोंडावर म्हणतो. तीन वर्षं ह्या बायका मिरची कांडपाच्या यंत्रासाठी अर्ज करत होत्या. साधं यंत्र नाही, फिरतं. दोन चाकांच्या छोट्या ट्रॉलीवर डिझेल इंजिन आणि कांडप, ट्रॉली गावात न्यायची, लोकांच्या दारात तिखट कुटून द्यायचं आणि पुढच्या गावाला जायचं. छायानं त्यासाठी बुलढाण्याच्या बचत गटांच्या ऑफिसात इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई तिला माहेरच्या माणसासारखा चहा विचारायचा. मी म्हणायचो, यंत्र येणार नाही. होळीच्या आधी यंत्र आलं. मी म्हटलं, चालणार नाही. ते चाललं.

पण एक अट होती. ऑफिसातल्या अनुपमा मॅडम शनिवारी दहा वाजता गावात येणार, शाळेच्या मैदानावर. तिथं यंत्र गटाच्या स्वतःच्या सोयीच्या गाडीनं ओढत आणून दाखवायचं. ढकलत आणलेलं चालणार नाही, कारण ढकलत किती गावं फिरणार? जमलं तर यंत्र देऊळघाटच्या गटाचं, नाही जमलं तर बीबी गावचा गट यादीत खालीच होता.

छायाला ते यंत्र किती हवं होतं हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. लग्न झाल्यापासून पंधरा-सोळा उन्हाळे तिनं लोकांच्या घरी जाऊन लोखंडी खलात तिखट कुटलंय. संध्याकाळी घरी आली की परातीत ताक ओतून त्यात मनगटापर्यंत हात बुडवून बसायची. आग उतरेपर्यंत तिला भाकरी मोडता यायची नाही, समीक्षा लहान असताना तिला उचलून घेता यायचं नाही. यंत्र आलं त्या दिवशी ती मला म्हणाली होती, "आता कोनाचे हात नाही जळू देत मी." मी तेव्हा मोबाइल बघत होतो.

दोन आठवड्यांपूर्वी जेवताना तिनं विचारलं, "ट्रॉली ओढाले गाडीले काय लागते?" मी म्हटलं, "अक्कल." त्या दिवसापासून तिनं घरात यंत्राचा विषय काढला नाही. मीही काढला नाही. भाड्यानं ट्रॅक्टर आणतील, नाहीतर यंत्राला हळदकुंकू लावून रुक्मिणीबाईच्या अंगणात ठेवून देतील, असा माझा अंदाज होता. सहदेवच्या गाडीला ह्या बायका ट्रॉली जोडणार आहेत हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. सहदेवची गाडी कशाला ओढेल? तिला ओढतात.

तर सहदेव गेल्यावर मी कामाला लागलो. पुढच्या पत्र्याला हुक डकवणारे वेल्डर मी पाहिलेत. पहिल्याच ओढीला हुक, पत्रा आणि हेडलाइट असं सगळं कुटुंब बाहेर येतं. मी पत्र्याला हात लावला नाही. बॅटरीची वायर काढून बाजूला केली, हेही इथं कुणाला माहीत नसतं. गाडीखाली आडवा होऊन थेट चासीपर्यंत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत गेलो, तिथं बारा एमएमची पट्टी बसवली, तिला दोन्ही अंगांनी तिरके आधार दिले आणि त्यातून दोन कान नाकाखाली बाहेर काढले, मधे आरपार पिन. दांडा आत घाला, पिन टाका, गाडी कुठल्याही घाटातून घरी आणा. वेल्डिंगचे दोन फेरे मारले, घासलं, लाल रंग दिला. उंची टेपनं मोजली, गावातल्यासारखी गुडघ्याला हात लावून नाही. खरं सांगतो, पाच वर्षांत माझ्या हातून इतकं देखणं काम झालं नव्हतं. आणि ते कुणाच्या नशिबी, तर सहदेवच्या डबड्याच्या.

शुक्रवारी दुपारी डीपी जळाली आणि अर्ध्या गावाची लाइट गेली. आमच्याकडं डीपी जळाली की पहिले दोन दिवस तारेवर आकडा कुणी टाकला ह्याची चर्चा होते आणि तिसऱ्या दिवशी लाइनमन येऊन ती चर्चा ऐकतो. मी दुकानात वारा घेत बसलो होतो. चारच्या सुमारास सहदेव आला, आणि त्याच्या मागं गटाच्या बायका ट्रॉली ढकलत. ट्रॉलीवर यंत्र, यंत्रावर झेंडूची माळ, आणि सगळ्यांच्या पुढं छाया. दुकानाच्या उद्घाटनानंतर ती पहिल्यांदाच दुकानात येत होती.

सहदेव गाडीच्या मागं गेला. हौद्याच्या मागच्या फाळक्याखाली वाकून पाहिलं. उठला, डोकं खाजवलं, परत वाकला.

"भाऊ, टोचन?"

"डोळे फुटले का? पुढं पाह्य ना."

तो पुढं आला. त्याच्या मागून बायका आल्या. सगळ्या मिळून गाडीच्या नाकाखालच्या त्या लाल टोचनाकडं बघत राहिल्या. मला वाटलं, आता कौतुक होणार. मी पंचाही खांद्यावरून काढून नीट ठेवला.

"अव माय," रुक्मिणीबाई म्हणाली. ही गटातली सगळ्यात म्हातारी. गुडघे गेले, जीभ शाबूत आहे. "आता गाडी यंत्राले ओढन का यंत्र गाडीले?"

"कोनतं यंत्र?" मी म्हटलं, आणि म्हणताम्हणता ट्रॉलीच्या दांड्याकडं माझी नजर गेली. मग सगळं समजलं. पण समजलं म्हणून तोंड थोडंच बंद होतं. "टोचन पुढंच राह्यते," मी म्हटलं. "मांगं असते थे टोचन नाही, थे कडी. ह्याले कडी पाह्यजे होती तं त्यानं कडी म्हनाले पाह्यजे होतं."

"भाऊ, म्या सांगतलं व्हतं ना," सहदेव हळूच म्हणाला, "मांगून लावजा म्हनून."

"तू मांगून लावजा म्हनला, म्हनून तं मी म्हनलं आत्ताच लावतो!"

हे मी जोरात म्हटलं. म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं. सहदेव गाडीचं मागून सांगत होता आणि मी वेळेचं मागून ऐकत होतो. रुक्मिणीबाईला सगळ्यात आधी कळलं. ती ट्रॉलीच्या चाकाला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून हसायला लागली. मग दुसरी, मग तिसरी. समोरच्या पानठेल्यावरचे दोघं रस्ता ओलांडून आले, त्यांना पहिल्यापासून सांगण्यात आलं, मग तेही हसले. सहदेव तेवढा हसत नव्हता. आयुष्यात एकदा त्यानं हसायला पाहिजे होतं, तेव्हा तो माझ्याकडं काळजीनं बघत होता. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

छायाही हसली नाही. ती बाकड्याकडं गेली, चहाचा ग्लास उचलला आणि कागद माझ्यासमोर धरला. त्यावर ग्लासाची तीन-चार वर्तुळं उमटली होती.

"वाचला?"

तेव्हा वाचला. तिचं अक्षर मोठं आणि सरळ आहे. 'मागच्या बाजूला, फाळक्याच्या खाली, चासीला धरून. जमिनीपासून उंची सोळा इंच, ट्रॉलीवर मशीन ठेवून मोजली आहे. पिन जाड. ट्रॉलीतले वजन चाकांच्या वर ठेवले आहे, म्हणजे दांड्यावर भार येऊन गाडीचे पुढचे चाक उचलणार नाही.'

मी ट्रॉलीच्या दांड्याकडं पाहिलं. माझ्या नजरेला टेप लागत नाही. सोळाच इंच होते. आणि पुढच्या चाकाचं म्हणाल तर तीनचाकीच्या मागं भार दिला की पुढचं चाक उचलतं, हे माझ्या तरी त्या क्षणापर्यंत डोक्यात आलं नव्हतं. हे लिहायला मला आवडत नाही, पण तसं होतं. मी तिला कुठून शिकलीस असं विचारायला हवं होतं. मी विचारलं, "आता मी काय करू? लाइट नाही. तोंडानं वेल्डिंग करू का?"

"आता करा म्हनत नाही मी," छाया म्हणाली. आवाज चढवला नाही. "लाइट नाही थे मलेबी दिसते. बुलढाण्याचं दुकानबी उद्या दहाशिवाय उघडत नाही. तुमी फक्त चुकलं म्हना. येवढंच म्हना. बाकीचं आमी पाहू."

बायका, सहदेव, पानठेल्यावरचे दोघं, सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. चुकलं. किती अक्षरं? तीन. पण मी ती अक्षरं आजपर्यंत दुसऱ्यांसाठीच वापरलेली. तुझं चुकलं, त्याचं चुकलं, इंजिनियर लोकांचं तर पहिल्यापासूनच चुकलं. माझ्या तोंडात ती माझ्यासाठी वळेनात. आणि वळेनात म्हणून मी जे बोलायला नको तेच बोललो.

"मी चुकत नसतो. सांगनाऱ्याले सांगता आलं पाह्यजे. आन येवढं चाललं काय तुमचं? तिखट कुटाले जाऊन राह्यल्या का चंद्रावर यान सोडाले?"

छायानं कागदाची घडी घातली आणि कमरेला खोचली. "चला व बायांनो," ती म्हणाली. त्या ट्रॉली ढकलत परत गेल्या. सहदेव गाडी सुरू करून त्यांच्या मागं गेला. जाताना माझ्या कामाबद्दल "पन काम लय मजबूत झालं बरं भाऊ" असं म्हणून गेला. संध्याकाळी छायानं ताट वाढलं, कांदा फोडून दिला आणि समोर बसली नाही.

शनिवारी साडेनऊला मी दुकान उघडलं. लाइट नव्हतीच. रस्त्यावर गलका ऐकू आला म्हणून बाहेर आलो, आणि जे पाहिलं ते पाहून पहिल्यांदा मी पोट धरून हसलो. सहदेवची गाडी येत होती, पण उलटी. शेपटाकडून. सहदेव मान मागं वळवून रिव्हर्समध्ये चालवत होता, आणि गाडीच्या नाकाला, माझ्या लाल टोचनाला, ट्रॉली जोडलेली. म्हणजे गाडी पाठमोरी चाललेली आणि तिच्या तोंडाला धरून यंत्र ओढलं जात होतं. हौद्यात रुक्मिणीबाई फाळक्याला धरून उभी होती आणि रस्ता सांगत होती. जन्मात तिनं सायकल चालवलेली नाही. "डाव्या आंगाले घे! डाव्या म्हनलं तं उजव्या काऊन घेतं रे? बस, बस, आता येऊ दे!" दोन्ही बाजूंनी बायका पळत होत्या, ट्रॉली वाकडी व्हायला लागली की हातानं सरळ करत होत्या. गाव दारात उभं होतं. कुणी फोटो काढत होतं, कुणी "सहदेव, घरी कव्हा पोहचशीन, काल?" असं विचारत होतं.

दुकानासमोरून जाताना छायानं माझ्याकडं पाहिलं नाही. तिचं सगळं लक्ष टोचनातल्या पिनेवर होतं. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि लोकांच्या मागून निघालो. कशाला निघालो? फजिती बघायला, दुसरं काय. शाळेपुढं चढ आहे. मी स्वतःशी म्हटलं, इथं खेळ संपणार.

खेळ संपला नाही. रिव्हर्स गिअरला जोर असतो. गाडी कण्हत, धूर सोडत, एकेक हात चढली. मी मधल्या वेळात मनात हिशोब मांडून टाकला की नाकाला ओझं असल्यामुळं पुढचं चाक उचलायचा प्रश्नच आला नाही, म्हणजे एका अर्थी टोचन पुढं बसवलं तेच बरोबर. हा मुद्दा कुणाला तरी सांगावा म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. सगळे बायकांकडं बघत होते. चढ संपला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टोचन केसभरही हललं नव्हतं. त्या टाळ्यांत माझ्या वेल्डिंगचाही वाटा आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगितलं असतं तर टोचन कुणी बसवलं हेही सांगावं लागलं असतं.

मैदानावर लिंबाखाली टेबल होतं. अनुपमा मॅडम तरुण होत्या, चष्मा लावलेल्या, कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यातून बदलून आलेल्या. गाडी उलटी आत शिरताना त्या खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या, पण हसल्या नाहीत. आधी यंत्र बघू म्हणाल्या. छायानं इंजिन सुरू केलं, पायलीभर मिरची टाकली. पाच मिनिटांत सगळं मैदान शिंकायला लागलं. मॅडम शिंकल्या, सरपंच शिंकले, सहदेव डोळे पुसत बाजूला झाला. छाया तेवढी शांत उभी होती. तिनं तिखट चिमटीत घेतलं, बोटांवर चोळलं आणि मॅडमला दाखवलं. मॅडमनं एक-दोन गोष्टी विचारल्या, तिनं नीट सांगितल्या. कोणतं गाव कोणत्या वारी, डिझेल किती लागतं, पाळी कुणाची. मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. एका घरात राहतो आम्ही.

"यंत्र तुमच्याकडंच राहील," मॅडम म्हणाल्या. बायका ओरडल्या. रुक्मिणीबाईनं मॅडमच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग मॅडम गाडीकडं वळल्या. "पण हे असं उलटं का आणलं?"

"जोडनी पुढं झाली, मॅडम," छाया म्हणाली. "मागं पाह्यजे होती."

"मग मागं करून घ्यायची ना. रोज असं थोडंच फिरणार आहात? गावात वेल्डर नाही का?"

सहदेव आपल्या चपलेकडं बघायला लागला. रुक्मिणीबाईनं पदर दातांत धरला. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की वेल्डर तिथंच, लिंबापासून दहा पावलांवर उभा आहे, आणि एकही माणूस माझ्याकडं वळून बघत नव्हता. फक्त छायानं पाहिलं. एवढ्या गर्दीत मी कुठं आहे हे तिला बरोबर माहीत होतं. तिनं लगेच उत्तर दिलं नाही. माझ्याकडं बघत थांबली. कालच्यासारखीच थांबली.

'हाये ना मॅडम, मी हाये,' हे माझ्या घशापर्यंत आलं. पण मी आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग पुढं कसं बसवलं? आणि त्याच्या उत्तराची ती तीन अक्षरं. मला लाज वाटली, राग आला, आणि रागाला कुणीच सापडेना. सहदेवला शिव्या देऊन पाहिल्या मनात, लागू पडल्या नाहीत. मी मान वर करून लिंबाच्या शेंड्याकडं बघायला लागलो.

"नाही," छाया मॅडमकडं वळून म्हणाली. "गावात वेल्डर नाही."

"बरं. मग बुलढाण्याहून करून घ्या, मी शेऱ्यात तसं लिहिते," मॅडम म्हणाल्या आणि बसून लिहायला लागल्या. लिहून झालेलं त्यांनी मोठ्यानं वाचूनही दाखवलं. यंत्र सुस्थितीत, गट सक्षम. गावात वेल्डर उपलब्ध नसल्याने जोडणी बाहेरून करून घेण्यास हरकत नाही. "ह्याच्याखाली सगळ्यांनी सह्या करा."

तेवढ्यात वारा आला आणि कागद टेबलावरून उडायला लागला. मॅडमनं मान वर करून समोर पाहिलं. टेबलापासून सगळ्यात जवळ मी होतो. कधी पुढं सरकलो मलाही कळलं नव्हतं.

"अहो भाऊ, जरा कागद धरा."

मी पुढं झालो आणि कागदाचे दोन्ही कोपरे बोटांनी दाबून धरले. माझ्या बोटांना लाल रंग लागलेला होता, तो अजून निघाला नव्हता. अध्यक्ष म्हणून पहिली सही छायाची. ती सही कधी घाईत करत नाही, आणि नुसती सही करायची पद्धतही तिची नाही, पूर्ण नाव लिहिते. माझ्या दोन हातांच्या मधे वाकून, गावात वेल्डर नाही त्या ओळीच्या खाली, तिनं मोठ्या सरळ अक्षरात सावकाश लिहिलं, छाया राजकुमार सोनुने.